देठ परीक्षण न करताच गोळ्या?

पत्र: आम्ही दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागायतदार. मुलगा एकवीस वर्षांचा, नाशिकला गंगापूर रोडला मित्रांसोबत खोली घेऊन इंजिनिअरिंग करत होता. एप्रिलपासून रात्र रात्र जागायला लागला. रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचा. एमएच १५ ची गाडी, आणि नंबरच्या शेवटी सात, म्हणजे ती आपल्यासाठीच पाठवलेली, असं म्हणायचा. मे महिन्यात मित्राचा फोन आला तेव्हा तीन दिवस न जेवता आतून कडी लावून बसला होता. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. एमआरआय नॉर्मल, रक्त नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, सायकोसिसची, म्हणजे भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याची, सुरुवात आहे, मेंदूत डोपामीन नावाचं केमिकल वाढलंय. रात्री ओलँझापीन दहा मिलिग्रॅम सुरू केली. पंधरा दिवसांत झोप लागायला लागली, दीड महिन्यात नंबर लिहिणं थांबलं. आता तीन महिने झाले. पण वजन आठ किलो वाढलं, सकाळी अकरापर्यंत उठत नाही, ओट्यावर बुजगावण्यासारखा बसून राहतो. खोलीवर सिगारेट ओढायचा, कधीमधी गांजाही, असं मित्रांकडून कळलं. घरी आणल्यावर मी दोन्ही बंद केलं.

माझा प्रश्न असा. आम्ही बागेला खत टाकायचं तरी आधी पानाचे देठ प्रयोगशाळेत तपासून देठ परीक्षण करतो. इथं सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग केमिकल वाढलं हे कळलं कसं? मोजलं कुणी? आणि गोळीने ते कमी झालं असेल तर अजून गोळी कशाला? पाहुणे म्हणतात, या गोळ्यांनी मेंदू कायमचा बदलतो, सवय लागते, त्यापेक्षा त्र्यंबकला नारायण नागबळी करा. खरं सांगायचं तर पंधरा दिवसांपासून मी गोळी मोडून अर्धीच देतोय. त्याच्या आईला आणि डॉक्टरांना माहीत नाही. बिघडलं काही नाही, उलट थोडा तरतरीत वाटतो. (एक वडील)

उत्तर:

दादा,

तुमच्या पत्राचा शेवट आधी घेते. बाकीच्या बोलण्याला वेळ आहे, त्याला नाही. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा आणि सांगा, अमुक तारखेपासून अर्धी गोळी देतोय. रागावले तर रागावू द्या. आम्ही डॉक्टर मंडळी दोन मिनिटं रागावतो आणि मग केसपेपरवर लिहून घेतो. ते लिहिलं जाणं महत्त्वाचं. नाहीतर पुढच्या खेपेला ते ‘दहावर मुलगा असा आहे’ असं धरून चालतील, आणि तो असेल पाचवर. तिथून पुढचे सगळे हिशेब चुकतील. पूर्ण गोळी परत सुरू करायची की आहे त्यातून काही वेगळा मार्ग काढायचा, हे त्यांना ठरवू द्या. आणि त्याच्या आईला आज रात्रीच सांगा. उद्या काही कमी-जास्त झालं तर ती बिचारी ‘गोळी तर रोज देत होतो’ असंच सांगणार.

आता तुमचा प्रश्न. माझं माहेर निफाडकडचं, आमचीही तीन एकर थॉमसन द्राक्षाची बाग होती. देठाचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय माझे वडील पोटॅशच्या गोणीला हात लावत नसत. त्यामुळे तुमचा मुद्दा मला डॉक्टर म्हणून कळायच्या आधी शेतकऱ्याची मुलगी म्हणून कळला.

सरळ उत्तर असं की तुमच्या मुलाचं डोपामीन कुणीही मोजलेलं नाही. तुमच्या डॉक्टरांनी नाही, आणि मीही माझ्या एकाही पेशंटचं आजवर मोजलेलं नाही. एमआरआय काढला तो केमिकल बघायला नव्हताच. गाठ, सूज, रक्तस्राव असं दुसरं काही दडलेलं नाही ना, हे बघायला काढतात. रक्तातलं थायरॉइड, बी-१२ वगैरेही त्याचसाठी. ते नॉर्मल आलं ही चांगली बातमी, पण तिचा अर्थ ‘आजार नाही’ असा होत नाही. ‘डोपामीन वाढलंय’ म्हणाले तेव्हा तुमचे डॉक्टर मोजमाप सांगत नव्हते, अशा आजारात साधारणपणे काय सापडतं ते सांगत होते. बोलण्याच्या ओघात आम्ही हा फरक गाळतो. बाहेर तीस माणसं बसलेली असतात. पण गाळू नये, कारण मग तुमच्यासारखा हिशेबी माणूस रिपोर्ट मागतो आणि आम्ही छताकडे बघतो.

मग हे सापडलं कुठं? यात औषध आधी हाती लागलं आणि कारण मागाहून. क्लोरप्रोमाझीन हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीच्या जोडीला वापरून पाहिलं जात होतं. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-अ‍ॅन रुग्णालयात डिले आणि डेनिकर या दोघांनी ते मनोरुग्णांना दिलं आणि भ्रमात बुडालेली माणसं बोलती झाली. का झाली, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. पुढं १९६३ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी मार्गिट लिंडक्विस्ट यांच्यासोबत उंदरांना ही औषधं देऊन त्यांच्या मेंदूत काय होतं ते तपासलं. डोपामीनची उलाढाल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली! फोनवर पलीकडच्याला ऐकू जात नसलं की आपण मोठ्यानं ओरडायला लागतो, तसं. त्यावरून त्यांनी ताडलं की औषध डोपामीन घटवत नाही, ते ऐकणाऱ्याचे कान झाकतं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं, मुख्यतः डोपामीन हा मेंदूतला निरोप्या आहे हे त्यांनी आधीच दाखवून दिलं होतं त्याबद्दल.

जिवंत माणसाच्या मेंदूतलं डोपामीन पाहायला पुढं पेट स्कॅन आला. किरणोत्सर्गी खूण लावलेलं द्रव्य शिरेतून द्यायचं आणि ते मेंदूत कुठं किती जमतं ते मोजायचं. सायकोसिस झालेल्यांच्या मेंदूच्या आतल्या भागात, स्ट्रायटममध्ये, डोपामीन जास्त तयार होतं आणि जास्त सुटतं, हे असल्या अभ्यासांतून पुढं आलं. पण ही गटाची सरासरी. समजा दिंडोरीच्या द्राक्षात सरासरी साखर चांदवडपेक्षा थोडी जास्त निघाली. म्हणून मार्केटला समोर ठेवलेला एक घड चाखून तो कुठल्या तालुक्यातला, हे तुम्ही छातीठोक सांगाल का? तसंच हे. एकट्या माणसाच्या आकड्यावरून निदान करता येत नाही, म्हणून हा स्कॅन संशोधनात राहिला, दवाखान्यात आला नाही.

डोपामीन करतं काय, ते तुमच्या मुलाच्या वहीतच लिहिलेलं आहे. मुंबई नाक्यावर पाच मिनिटं उभे राहा. एमएच १५ च्या शंभर गाड्या गेल्या तर साधारण दहांच्या शेवटी सात असणारच, तो नुसता गणिताचा नियम झाला. तुमचा-माझा मेंदू त्या बघतो आणि सोडून देतो. कशाकडे लक्ष द्यायचं आणि काय सोडायचं, यावर शिक्का मारण्याचं मोठं काम डोपामीनकडे असतं. ते अवेळी, विनाकारण सुटायला लागलं की शिक्का कशावरही पडतो. गाडीच्या नंबरवर पडतो, शेजारणीच्या खोकल्यावर पडतो, मोबाईलच्या रिंगवर पडतो. आणि माणसाच्या मनाला शिक्का दिसला की त्यामागं गोष्ट लागते. ‘ही गाडी माझ्यासाठी’ ही गोष्ट त्यानं वेडेपणानं रचली नाही, आपल्याला जे जाणवतंय त्याचा अर्थ लावायला रचली. अभ्यासू मुलगा, त्यात वही करणारा. अर्थ लावणारच.

गोळी शिक्क्याची शाई कमी करते. आधी लिहिलेलं पुसत नाही. म्हणून झोप आधी येते, घाबरणं आधी कमी होतं आणि समजूत सावकाश उतरते. माझ्यासमोर बसून कित्येक जण सांगतात, “मॅडम, त्या गाड्या होत्याच हो, पण आता मला काही देणंघेणं नाही.” दीड महिन्यात नंबर लिहिणं थांबलं हे चांगलंच आहे. पण आतली समजूत पूर्ण उतरली की फक्त ओसरली, हे कुणी त्याला शांतपणे विचारलंय का? त्याच्याशी वाद घालू नका, नुसतं विचारा.

आता ‘कमी झालं असेल तर अजून गोळी कशाला’. इथंच तुमची गल्लत होते आहे. तुमच्या विहिरीवरची मोटर चालू आहे आणि खाली प्लॉटवरचा व्हॉल्व्ह तुम्ही आवळलाय. सऱ्या कोरड्या दिसतात म्हणून कुणी म्हणालं, “पाणी बंद झालं, आता व्हॉल्व्ह सोडा,” तर तुम्ही हसाल. ओलँझापीन हा व्हॉल्व्ह आहे. डोपामीन ज्या डी-२ नावाच्या कुलपांना जाऊन लागतं, ती कुलपं गोळी अडवून ठेवते. मोटरीला ती हात लावत नाही.

व्हॉल्व्ह किती आवळायचा याचाही अंदाज पेट स्कॅननंच दिला. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या रुग्णांना हॅलोपेरिडॉल हे अशाच प्रकारचं औषध देऊन केलेला एक अभ्यास २००० साली आला. साधारण ६५ टक्के कुलपं अडली की गुण येण्याची शक्यता वाढते, आणि ७८ टक्क्यांच्या वर गेलं की हातपाय कडक होणं, थरथर, आतून बसू न देणारी तगमग, असे त्रास वाढतात. म्हणजे खिडकी अरुंद. गोळी दुप्पट केली तर गुण दुप्पट येत नाही, बहुतेक वेळा त्रासच वाढतो. आणि तुमच्या कामाची गोष्ट ही की गोळी अर्धी केली तरी अडलेली कुलपं अर्धी होत नाहीत, थोडीच कमी होतात. म्हणून पंधरा दिवसांत काही बिघडलेलं दिसत नाही, उलट गुंगी उतरल्यामुळे पोरगा तरतरीत वाटतो. तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे. मात्र त्यावरून ‘गोळी नकोच होती’ हा निष्कर्ष निघत नाही. आजार उलटायचा असेल तर तो बहुधा काही आठवड्यांनी, महिन्यांनी उलटतो. ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ आलं, की पानं स्वच्छ असताना तुम्ही डाऊनी बुरशीसाठीची फवारणी थांबवता का?

अमेरिकेत पहिल्यांदा आजारी पडलेल्या रुग्णांचा पाच वर्षं पाठपुरावा झाला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त जणांचा आजार एकदा तरी उलटला, आणि औषध सोडणाऱ्यांचा धोका जवळजवळ पाचपट होता. घाबरवायला सांगत नाही. काहींना पुन्हा कधीच होत नाही. पण ते कोण, हे आधी ओळखून देणारं देठ परीक्षण इथंही नाही. म्हणून पूर्ण बरं वाटल्यानंतरही निदान एक-दोन वर्षं गोळी चालू ठेवा म्हणतात, आणि त्यानंतर सोडायची तर महिनोन् महिने घेऊन, पायरी पायरीनं, डॉक्टरांच्या नजरेखाली. एकदम का नाही? कुलपं फार दिवस अडवून ठेवली की मेंदू नवी कुलपं बसवतो आणि आहेत ती जास्त हळवी होतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. मग व्हॉल्व्ह एका झटक्यात उघडला की पाणी आधीपेक्षा जोरात घुसतं.

पाहुण्यांच्या दोन मुद्द्यांत एक चूक, एक अर्धा बरोबर. सवय लागत नाही. या गोळीची तलफ येत नाही, डोस आपोआप वाढवावा लागत नाही. चोरून ओलँझापीन खाणारा माणूस मी अजून पाहिला नाही, चोरून थुंकणारे रोज बघते. कायमच्या बदलाचं म्हणाल, तर अशी औषधं वर्षानुवर्षं घेतलेल्या काही जणांना तोंडाच्या, जिभेच्या नकळत हालचाली सुरू होतात आणि त्या कधी कधी राहून जातात. नव्या औषधांत हे प्रमाण कमी आहे, पण शून्य नाही. म्हणून कमीत कमी पुरेसा डोस, आणि अधूनमधून डॉक्टरांनी “जीभ दाखव, हात पुढे कर” म्हणून बघणं.

डोपामीनशिवाय आणखी एक नाव हल्ली ऐकू येतं, ग्लुटामेट. एमआरआयचंच मशीन वेगळ्या पद्धतीनं चालवलं की ते मोजता येतं, त्याला स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. ज्यांना नेहमीच्या गोळ्यांनी गुण येत नाही अशांच्या गटात काही अभ्यासांत डोपामीनची निर्मिती नॉर्मलच्या आसपास आणि मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट जास्त, असं चित्र दिसलंय. त्यांची मोटर बहुधा वेगळ्याच विहिरीवर असावी. दोन औषधं नीट डोसमध्ये, पुरेसे दिवस देऊनही फरक नसेल तर क्लोझापीन देतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवून. तुमच्या मुलाला पहिल्याच औषधानं गुण आला, तेव्हा तूर्त हे तुमच्या कामाचं नाही.

ओट्यावरच्या बुजगावण्याकडे येते. पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त त्याचं वाईट वाटलं.

यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली नाही. सिगारेट! सिगारेटच्या धुरातल्या द्रव्यांमुळे यकृत ओलँझापीन भराभर मोडून टाकतं. निकोटीनमुळे नाही, धुरामुळे. ओढणारा माणूस ओढायचा थांबला की आठवडाभरात यकृत पूर्वीच्या चालीवर येतं आणि त्याच दहाच्या गोळीनं रक्तात औषध जास्त साठायला लागतं. तुम्ही घरी आणून सिगारेट बंद केलीत हे उत्तम केलं, पण ते डॉक्टरांना सांगितलंत का? अकरापर्यंतची झोप त्यातूनच वाढलेली असू शकते. म्हणजे डोस जरा कमी व्हायला हवा ही तुमची शंका कदाचित बरोबरही निघेल. फक्त ती लपवून अमलात आणली, एवढंच चुकलं. आणि कॉलेज सुरू झाल्यावर त्यानं परत ओढायला सुरुवात केली तर उलटं होईल, हेही लक्षात ठेवा. गांजा मात्र कायमचा बंद. आजार त्यानंच झाला असं म्हणता येत नाही, पण ज्याला एकदा सायकोसिस होऊन गेलाय त्याच्यासाठी तो पेटत्यावर रॉकेल आहे.

गप्प बसण्यामागं आणखी तीन कारणं असू शकतात. डोपामीन अडवलं की नको तो शिक्का थांबतो, तसा हवा तोही फिका होतो, मिसळची तर्री समोर आली तरी ‘वा’ येत नाही. दुसरं, हा आजारच मागं अशी मरगळ ठेवून जातो. तिसरं, भानावर आल्यावर माणसाला कळतं आपलं काय झालं होतं, मित्रांनी काय काय पाहिलं. त्यातून खरीखुरी उदासी येते. तिन्हींवर उपाय वेगळे, आणि बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. म्हणून डॉक्टरांना ‘सुस्त असतो’ एवढंच सांगून उठू नका. केव्हा सुस्त, रडतो का, मरणाबद्दल बोलतो का, जेवणाची चव लागते का, ते सांगा. मरणाचं बोलला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. तेव्हा थेट जिल्हा रुग्णालय गाठा, आणि रात्रीबेरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत.

आठ किलो ही किरकोळ बाब नाही. वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटी साखर आणि चरबीची तपासणी यांची नोंद व्हायला हवी. ओलँझापीन भूक पेटवतं, त्यात पोराचा दोष नाही, ‘किती खातोस’ म्हणून टोचू नका. औषध बदलणं, अ‍ॅरिपिप्राझोलसारखं वजनाला हलकं औषध आणणं किंवा जोडीला मेटफॉर्मिन ही मधुमेहातली गोळी देणं, असे मार्ग आहेत. डॉक्टरांना नाव घेऊन विचारा, त्यांना राग येत नाही.

नारायण नागबळी करायची तर करा, मी कुणाच्या श्रद्धेत पडत नाही. तीन दिवसांचा विधी आहे. त्या तिन्ही दिवशी रात्रीची गोळी चुकली नाही आणि झोप मोडली नाही म्हणजे झालं. आता कुणी पाहुणा ‘दोनाचे चार हात करून टाका, सुधारेल’ म्हणाला, आणि म्हणणारच, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

एक शेवटचं. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात डॉक्टर काय म्हणाले ते आहे, पाहुणे काय म्हणाले ते आहे, तुम्हाला काय वाटतं ते आहे. मुलगा काय म्हणतो, त्याची एक ओळ नाही. एकवीस वर्षांचा आहे तो. आपल्याला काय आजार आहे, कसली गोळी देतात, तिचे त्रास काय, हे जाणून घेण्याचा हक्क त्याला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंच दिलाय. गोळी अर्धी झाली तेव्हा त्यालाही सांगितलं नसणार. उद्या त्याला हे कळलं आणि ‘माझ्या गोळीत काहीतरी करतात’ असं त्याला वाटलं, तर नंबरच्या वहीत तुमचंच नाव जाईल, आणि या खेपेला ते खोटंही नसेल. तेव्हा त्याला सांगा. त्याचीच मदत घ्या. एप्रिलमध्ये सगळ्यात आधी काय बदललं होतं, ते त्याला विचारा. झोप गेली होती की नंबर आधी दिसायला लागले? ते त्याच्याच हातानं लिहून गोळ्यांच्या डबीवर चिकटवा. तुमचं देठ परीक्षण ते.

घटस्थापनेनंतर तुमची छाटणी सुरू होईल. त्याला बागेत न्या, पण सकाळी सहाला उठवून नाही, दहाला. काड्या गोळा करू द्या, मजुरांची हजेरी लिहू द्या. वही-पेनाची त्याला आवड आहेच. ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर मात्र गुंगी उतरेपर्यंत त्याच्या हाती देऊ नका.